चोर धरावा कसा?

(बुलढाणा जिल्ह्यांतील शेतकऱ्यांपुढें केलेलें भाषण)



सोयाबीनची सुडी लागली कीं आपण जागलीला जातों. पण चोर आलाच तर काय करावें, हें आपणांस कोणी शिकवीत नाहीं. वकिलाची फी भरून शिकण्यापेक्षां आजच ऐका.

1 जुलै 2024 पासून नवे कायदे लागू आहेत. आपला व शेजाऱ्याचा जीव, माल राखण्याचा हक्क भारतीय न्याय संहितेच्या कलम 34 ते 44 मध्यें आहे. पण बचावास लागेल तेवढ्याच बळानें. रात्रीं घर फोडलें, जबरी चोरी झाली, राहत्या घरास आग लावली, तर प्रसंगीं चोराचा जीव गेला तरी कायदा बचाव मानतो. चार पेंढ्या घेऊन पळणाऱ्यास ही गोष्ट लागू नाहीं.

धरण्याचाही हक्क आहे. मात्र दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा आपल्या डोळ्यांदेखत घडला पाहिजे, आणि धरलेला इसम विनाविलंब, फार तर सहा तासांत, पोलिसांच्या स्वाधीन केला पाहिजे. झाडास बांधून बडवाल, तर चोर फिर्यादी व आपण आरोपी!

धुळें जिल्ह्यांत राईनपाड्यास 1 जुलै 2018 रोजीं पोरें पळविणारे समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पांच जण जमावानें ठार केले. बिचारे भिक्षा मागावयास आले होते. जात पाहून चोर ठरविण्याची खोड इंग्रजांनीं 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्यानें पक्की केली. तो कायदा 1952 सालीं गेला. पारधी दिसतांच काठी शोधणारे आपल्यांत अजून आहेत. पांच वा अधिक जणांनीं जातीवरून कोणास जिवें मारिलें, तर आतां प्रत्येकास फांशी वा जन्मठेप आहे.

तेव्हां जागलीला जातांना बॅटरी, शिट्टी व सोबती घ्या. चोर दिसतांच शेजारच्या मळ्यास हाक मारा, 112 ला फोन करा आणि पोलीस पाटलास वर्दी द्या.