काळजाची काळजी



मामंजी वारले आणि सहा महिन्यांत सासूबाईंनी रक्तदाबाची गोळी सोडून दिली. "काही दुखत नाही, मग गोळी कशाला?" असे त्या म्हणत. आम्ही रागावलो, पण उपयोग झाला नाही. रक्तदाब दुखत नसतो, आतल्या आत हृदय व मेंदू पोखरतो, हे डॉक्टरांनी समजावले. मग त्यांनी विचारले, "आजी, जेवायला सोबत कोण असतं?"

सासूबाई गप्प राहिल्या. मी मान खाली घातली. त्या एकट्याच जेवत. घास उतरेना म्हणून भाकरीशी लोणचे, नाहीतर मूठभर भडंग! साऱ्या दिवसाचे मीठ ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाच्या एका चमच्याहून कमी असावे. त्यात लोणचे-पापडही आले.

त्या दिवसापासून माझे ताट त्यांच्या ताटाशेजारी असते. आता गोळी त्या स्वतः मागून घेतात.

आणखी एक. बायकांना हृदयविकाराचा झटका येतो तेव्हा छातीत कळ येईलच असे नाही. धाप, घाम, मळमळ, पाठ किंवा जबडा दुखणे, असेही होते. 'पित्त झाले' म्हणून पडून राहू नका, ताबडतोब १०८ ला फोन करा.

डॉ. वानलेस यांनी १८९४ साली मिरजेला रुग्णालय काढले, तेव्हापासून सातारा-सांगलीकडे मोठ्या वैद्यकाची परंपरा आहे. पण घरचे म्हातारे माणूस जेवले का, झोपले का, कोणाशी दोन शब्द बोलले का, हे आपणच पाहायचे आणि डॉक्टरांना सांगायचे.