भाताचं पाणी आणि आपली तूर



तेरखेड्याच्या शाळेत परिसंस्थेचा धडा शिकवत होतो. उदाहरण भातशेतीचं होतं. फळ्यावर साखळी लिहिली : भात, नाकतोडा, बेडूक, साप, घार. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. म्हणाला, "सर, आमच्या रानात पाणी साचलं की तूर वाळून जाते. मग भात पाण्यात उभा कसा राहतो?"

बालाघाटाच्या माळावर वाढलेल्या पोराला हे कोडं पडणारच. भाताच्या खोडात आणि मुळांत हवेच्या पोकळ्या असतात. पानांकडची हवा त्यांतून खाली मुळांपर्यंत पोहोचते. तुरीला ही सोय नाही, तिची मुळं चिखलात गुदमरतात. म्हणजे कुठं कोण जगणार, हे आधी पाणी, माती, हवा आणि ऊन ठरवतात. ही सारी निर्जीव मंडळी. पण सजीवांचा संसार त्यांच्याच जिवावर चालतो.

सजीवही हे ऋण फेडतात. खाचरातल्या पाण्यावर अझोला नावाचं इवलंसं नेचं तरंगतं. त्याच्या पानांतलं निळं-हिरवं शेवाळ हवेतला नत्र धरून ठेवतं आणि अझोला कुजला की तो मातीला मिळतो. चिखलातले जिवाणू पेंढा कुजवून मातीचं मातीला परत करतात.

या साखळीतली एक कडी तुटली की काय होतं? इंडोनेशियात भातावर तपकिरी तुडतुडे माजले. जितकी फवारणी झाली, तितके ते वाढले. कारण तुडतुडे खाणारे कोळीच औषधानं आधी मेले. शेवटी 1986 साली तिथल्या सरकारनं भातावरच्या 57 कीटकनाशकांवर बंदी घातली. त्यामुळं भाताचं उत्पादन काही घसरलं नाही. आपल्याकडंही बेडकांच्या तंगड्या परदेशी जात होत्या. ती निर्यात 1987 मध्ये बंद झाली. बेडूक संपले तर किडी कोण खाणार, ही काळजी त्यामागं होती.

आता आपल्या रानात या. इथं खाचर नाही, पण काळी माती पावसाळ्याचं पाणी पोटात धरून ठेवते आणि त्या ओलीवर शाळू थंडीत पिकतो. हरभऱ्यावरची घाटेअळी टिपायला कोतवाल आणि साळुंक्या येतात. त्यांना बसायला जागा हवी, म्हणून हरभऱ्यात मधूनमधून ज्वारीचे दाणे टाकावेत किंवा काठ्यांचे पक्षीथांबे उभे करावेत. काढणीनंतर धसकटं पेटवू नयेत. त्या आगीत मातीचं अन्नही जळतं आणि ते कुजवणारे जीवही.

फवारणी कधीच करू नका, असं मी म्हणत नाही. पंप पाठीवर घेण्याआधी रानात एक चक्कर मारा. किडी मोजा आणि किडींना खाणारेही मोजा.

त्या मुलानं पुढच्या आठवड्यात आपल्या रानाची यादी करून आणली. एका बाजूला निर्जीव, दुसऱ्या बाजूला सजीव. सजीवांत कोळी होते, मुंगळे होते, गांडूळ होतं. सगळ्यात खाली लिहिलं होतं, 'मी आणि बाबा'.

ती शेवटची ओळ मला कुठल्याही पुस्तकात सापडली नव्हती.