निकाल कोणाचा लावायचा?

(भुसावळ येथील कार्यकर्त्यांपुढील भाषणाचा मजकूर)



१८८२ साली हंटर आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी जे निवेदन सादर केले, त्यातील एका मुद्द्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. प्राथमिक शिक्षण निदान बारा वर्षे वयापर्यंत सक्तीचे करावे, ही त्यांची मागणी सर्वांना ठाऊक आहे. परंतु मुंबई इलाख्यात शाळांना अनुदान देण्याची जी पद्धत त्या वेळी होती, तिच्यावरही त्यांनी बोट ठेवले होते. सरकारी तपासनीस शाळेत येई, मुलांचे वाचन, लेखन व हिशेब तपाशी, आणि निकालाच्या प्रमाणात अनुदान मिळे. रॉबर्ट लो याने १८६२ साली विलायतेत रूढ केलेली ही कल्पना इकडेही आली होती. जोतीरावांचे म्हणणे असे की, गरीब आणि शिक्षणाबद्दल उदासीन राहिलेल्या लोकांत ही पद्धत मुळीच उपयोगाची नाही. तेथे शिकवायला कोणी शिक्षक धजणार नाही, कारण त्यावर त्याचे पोट भरणार नाही.

भुसावळची नगरपालिका त्याच १८८२ सालची. तिच्या शाळांतून आज अनुदान गुणांवर मिळत नाही हे खरे. पण शाळेची प्रतिष्ठा मात्र गुणांवर ठरू लागली आहे. २०१५ साली 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रमाबरोबर भाषा व गणिताच्या पायाभूत आणि संकलित चाचण्या आल्या, आणि शाळांना 'प्रगत' ठरविण्याची घाई सुरू झाली. २०२३ पासून तिसरी ते आठवीच्या वर्गांना नियतकालिक मूल्यांकन चाचण्या आहेत. शिक्षकाने उत्तरपत्रिका तपासायच्या आणि गुण यंत्राच्या हवाली करायचे. ते गुण वरच्या कार्यालयात तत्काळ पोचतात. ज्या आईने मुलाला शाळेत धाडले तिच्यापर्यंत ते कधी आणि कोणत्या भाषेत पोचतात, हा प्रश्न विचारणारा मात्र कोणी भेटत नाही.

यावर 'चाचण्याच बंद करा' अशी घोषणा देणे सोपे आहे. पुरोगामी मंडळींच्या सभेत तिला टाळ्याही पडतील. पण ती घोषणा चुकीची आहे. 'असर'च्या २०२४ च्या अहवालानुसार भारताच्या ग्रामीण भागात पाचवीतील ४८.८ टक्के मुलांनाच दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचता येते, आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणे ३०.७ टक्क्यांनाच जमते. ही मोजणी झाली नसती तर कोणाचे नुकसान झाले असते? डॉक्टरच्या किंवा साहेबाच्या मुलाचे नक्कीच नाही. त्याला काय येत नाही हे घरात कळते, आणि लगेच शिकवणीही लागते. अज्ञान झाकलेले राहते ते मजुराच्या मुलाचे.

'असर'ची रीत लक्षात घेण्याजोगी आहे. मुंबईच्या झोपडपट्ट्यांतून वाढलेल्या 'प्रथम' या संस्थेने २००५ साली ती सुरू केली. तपासणारे घरी जातात; म्हणून त्या दिवशी शाळेत न आलेले मूलही मोजले जाते. मुलाला एकट्याला समोर बसवून अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट यांपैकी काय वाचता येते हे मोठ्याने वाचायला लावून पाहतात. शेजाऱ्याची पाटी पाहून गोष्ट वाचता येत नाही! परंतु हे सर्वेक्षण मुख्यतः खेड्यांचे आहे. जळगाव जिल्ह्यातील खेडी त्यात येतात. भुसावळ शहरातील वस्त्या येत नाहीत. त्यांचे खरे वाचन पाहायचे तर ते इथल्याच लोकांनी पाहायला हवे.

ते पाहताना भुसावळ म्हणजे काय हेही विसरता कामा नये. हे जंक्शन आहे. रेल्वे, आयुध निर्माणी, दीपनगरचे वीजकेंद्र यांच्यामुळे नाना भाषांची माणसे येथे आली. घरी हिंदी किंवा उर्दू बोलणारे मूल, लेवा गणबोली बोलणारे मूल, सातपुड्याच्या पायथ्याकडून आलेल्या पावरा कुटुंबातील मूल, अशी सगळी एका वर्गात बसू शकतात. बापाच्या बदलीबरोबर कोणी वर्षाच्या मध्येच येते, कोणी जाते. लेवा बोलीत 'ळ'चा 'य' होतो. 'शाळा' हा शब्द नीट ओळखून मुलीने 'शाया' असा वाचला, तर तो चुकला म्हणायचा काय? त्याच बोलीचे बहिणाबाईंनी केवढे सोने केले हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. पण वाचनाच्या चाचणीत बाहेरून आलेला तपासनीस तिथे फुली मारून मोकळा होईल.

गणिताची गोष्ट आणखी वेगळी. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता व दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांचा अभ्यास करून २०२५ साली तो प्रसिद्ध केला. ही मुले गिऱ्हाइकाचा गुंतागुंतीचा हिशेब तोंडी चोख करतात, पण शाळेतली तशीच उदाहरणे कागदावर मांडून दिली की अडखळतात. उलट, शाळेत गणिते सोडविणारी मुले बाजारच्या हिशेबात गोंधळतात. भुसावळच्या बाजारात केळ्यांच्या गाडीशी उभ्या असलेल्या मुलाकडे पाहावे. उरलेले पैसे तो बिनचूक परत देतो. हातच्याची वजाबाकी त्याला कागदावर येत नाही. त्याला 'गणितात कच्चा' म्हणण्यापूर्वी त्याचा बाजार आणि त्याचा फळा यांच्यामध्ये कोणी पूल बांधला का, हे शाळेला विचारले पाहिजे.

आता जोतीरावांच्या मुद्द्याकडे परत येऊ. वर्गात चाळीस मुले आहेत आणि वर्गाची सरासरी वर पाठवायची आहे, असे समजा. थोड्या श्रमाने ज्यांचे गुण वाढतील अशा आठ-दहा मुलांकडे शिक्षकाचे लक्ष जाणे स्वाभाविक आहे. अक्षरेच न ओळखणारी पाच मुले मागच्या बाकावर राहतात. त्यांच्यासाठी चार महिने घाम गाळला तरी सरासरी फारशी हलत नाही. यात शिक्षकाला दुष्ट ठरविण्याचे कारण नाही. जे मोजले जाईल आणि ज्याचा जाब विचारला जाईल, तेच तो करणार. निवडणुकीची कामे आणि निरनिराळ्या माहितीचे तक्ते त्याच्या माथी आहेतच.

चाचणीचा खरा उपयोग वेगळा आहे. अक्षर ओळखणारी, शब्द वाचणारी, गोष्ट वाचणारी असे मुलांचे गट करावेत, इयत्ता क्षणभर बाजूला ठेवावी आणि रोज तास-दीड तास प्रत्येक गटाला तो जिथे आहे तेथून पुढे न्यावे. 'प्रथम'ने ही रीत अनेक राज्यांत वापरली आहे. तिच्यात यंत्र लागत नाही. माणूस आणि वेळ लागतो.

शिक्षण हक्क कायदा २०१० पासून लागू आहे. त्याच्या २१ व्या कलमानुसार सरकारी व नगरपालिकेच्या शाळांतील शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक असले पाहिजेत आणि निम्म्या सभासद स्त्रिया असल्या पाहिजेत. या समित्या बहुधा सह्यांपुरत्या उरतात. कार्यकर्त्यांनी आपापल्या प्रभागातील पालकांबरोबर पुढच्या बैठकीला बसावे. शाळेचा क्रमांक कितवा, हे विचारू नये. तिसरीत गोष्ट न वाचणारी मुले किती, त्यांच्यासाठी रोज किती वेळ ठेवला आहे, तो देणारा शिक्षक कोण, आणि त्याची जागा रिकामी असेल तर ती कधी भरणार, एवढे विचारावे. उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यावे आणि तीन महिन्यांनी तीच मुले पुन्हा वाचायला बसवावीत, त्यांच्या आयांच्या समोर.