टीटी बाइक घ्यायची, पण चालवायची कुठे?

आज पाहुणा नाही, मी एकटाच आहे. विषय असा आहे की गेले तीन महिने घरातले, ऑफिसमधले आणि ग्रुपमधले सगळे माझ्यावर वैतागलेत. टीटी बाइक. टाइम ट्रायल बाइक घ्यावी की नको, घेतली तर कोणती, नवी की जुनी. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी हेच विचारलंय, म्हणून मी काय काय केलं आणि कुठे माती खाल्ली ते सगळं सांगतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. टाइम ट्रायल म्हणजे एकट्याने घड्याळाविरुद्ध मारायची शर्यत. कुणाच्या मागे लपून वारा चुकवायचा नाही. ट्रायथलॉनमध्ये, म्हणजे गोव्याला २०१९ पासून जी आयर्नमॅन ७०.३ होते तिच्यातही, सायकलचे ९० किलोमीटर तसेच एकट्याने मारायचे असतात. पुढच्या सायकलपासून १२ मीटर अंतर ठेवायचं, नाहीतर पेनल्टी. मग वारा अंगावर घ्यायचाच आहे तर तो कमीत कमी कसा घेता येईल, यासाठी बनवलेली सायकल म्हणजे टीटी बाइक. हँडलवर पुढे दोन नळ्या असतात, त्यांना एक्स्टेन्शन म्हणतात. कोपर पॅडवर टेकवायचं, हात पुढे, डोकं खाली. दिसायला एकदम भारी. आणि मी गोव्याची फी भरून बसलेलो.

तर पहिली चूक. पुण्यात एक सेकंडहँड टीटी बाइक मिळत होती, २ लाख १० हजारांना. नवी घ्यायची तर तीन-चार लाखांपासून पुढेच. बाहेरून येणारा माल, आणि २०२३ च्या बजेटमध्ये सायकलवरचं आयात शुल्क ३० वरून ३५ टक्के झालं. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी १२ चा ५ झाला, तेवढाच दिलासा. त्यामुळे २ लाख १० हजार मला स्वस्त वाटले, आणि शनिवारी सकाळी शिवाजीनगरची एसटी पकडून मी पुण्यात हजर.

सायकल खरंच सुंदर होती. साइज ५६. माझी उंची ५ फूट ७ इंच, मी ५२ च्या आसपासचा माणूस. विकणारा म्हणाला, "स्टेम बदलला की बसेल बघ तुला." आता रोड बाइकला स्टेम बदलणं म्हणजे चार बोल्टचं काम. या सायकलला हँडल, स्टेम आणि फ्रेम एकमेकांत बसवलेले, सगळं त्या कंपनीचंच. दुसरं काही लागतच नाही. सॉफ्टवेअरवाल्यांना कळेल, एकदम वेंडर लॉक-इन. सीटपोस्टचंही तेच. उद्या पडलो आणि एक तुकडा तुटला तर तो परदेशातून मागवायचा, तोपर्यंत सायकल भिंतीला. शिवाय चाकाशेजारी बोट घालून पाहिलं तर २५ च्या पुढचा टायर बसणारच नाही. मी नगरच्या रस्त्यांवर २८ वापरतो आणि तरी दर महिन्याला एक पंक्चर आहेच.

उगाच "विचार करून सांगतो" म्हणालो आणि परत आलो. सुप्याच्या पुढे खिडकीतून पवनचक्क्या दिसल्या आणि मनात आलं, इथे लोकांनी पवनचक्क्या काय हौसेने लावल्यात का? मे ते ऑगस्ट आपल्याकडे आडवा वारा सुटतो तेव्हा साध्या सायकलवरसुद्धा हँडल हलतं. त्यात खोल रिमची चाकं लावून, हात नळ्यांवर ठेवून मी काय करणार होतो?

तेवढ्यात माझा एक मित्र ऑनसाइटला गेला आणि त्याची टीटी बाइक माझ्याकडे ठेवून गेला. नेमकी ५२ साइज. म्हणाला, "भाऊ, वापर, फक्त पाडू नको." हे मात्र नशीब. कारण टीटी बाइकची टेस्ट राइड म्हणजे दुकानाच्या गल्लीत दोन चकरा, त्यात काही कळत नाही. मला दोन आठवडे मिळाले.

मग मी इंजिनिअर असल्याचं सार्थक केलं. दौंड रोडला अरणगाव सोडल्यावर ५ किलोमीटरचा सपाट तुकडा घेतला. पहाटे वारा पडलेला असताना जायचं आणि यायचं, म्हणजे चढ आणि वारा दोन्ही आपोआप वजा. पेडलवर किती जोर लागतोय ते वॉटमध्ये दाखवणारं पॉवर मीटर दोन्ही सायकलींना होतं. टायर एकाच मापाचे. जोर प्रत्येक वेळी १८०. प्रत्येक प्रकार तीन वेळा, वेगवेगळ्या दिवशी. माझी रोड बाइक, हात ब्रेकच्या हूडवर: सरासरी ३१.७. तीच सायकल, वर ७ हजारांचे क्लिप-ऑन एरोबार लावून: ३३.६. मित्राची टीटी बाइक: ३४.२.

हे आकडे माझे, माझ्या शरीराचे, आणि रस्त्यावर मोजलेले. विंड टनेलचे नाहीत. तरी ९० किलोमीटरला लावून बघा. हूडवर २ तास ५० मिनिटं. क्लिप-ऑनवर २ तास ४१. टीटी बाइकवर २ तास ३८. म्हणजे ७ हजारांत साडेनऊ मिनिटं आणि पुढच्या २ लाखांत तीनला काही सेकंद कमी. एक्सेलमध्ये भागाकार केला तर पहिलं मिनिट साडेसातशे रुपयांच्या आसपास पडतं, दुसरं ७५ हजारांच्या आसपास.

असं का होतं? कारण सपाटीवर ३० च्या पुढे गेलात की बहुतेक जोर हवा बाजूला सारण्यातच जातो, आणि त्या हवेला अडवणारी मुख्य वस्तू सायकल नसते, आपण असतो. आपली छाती, आपले खांदे. सायकलचा वाटा लहान. १९८९ च्या टूर द फ्रान्सची गोष्ट सांगतो, ज्यांना पाठ आहे त्यांनी सोसावी. शेवटचा दिवस, व्हर्सायपासून पॅरिसपर्यंत २४.५ किलोमीटरची टाइम ट्रायल. लॉरां फिन्यों ५० सेकंदांनी पुढे. त्याच्या सायकलला पुढे-मागे दोन्ही डिस्क चाकं, पण हँडल जुन्या पद्धतीचं, डोक्यावर हेल्मेट नाही, मागे शेंडी उडतेय. ग्रेग लेमाँडकडे डिस्क फक्त मागे, पण हँडलवर ट्रायथलॉनवाल्यांचे एरोबार. त्याने त्या दिवशी ५८ सेकंद काढले आणि तीन आठवड्यांची टूर ८ सेकंदांनी जिंकली. दोन डिस्क चाकांपेक्षा ती वाकडी नळी भारी पडली.

पण एवढ्यावर मी निर्णय घेतला असता तर तोही अर्धवटच झाला असता. कारण टीटी बाइकचा खरा फायदा वेगळाच आहे आणि तो माझ्या ५ किलोमीटरच्या चाचणीत दिसणार नव्हता. तिची सीट जवळजवळ पेडलच्या वर येते. त्यामुळे खाली वाकलं तरी मांडी पोटाला दाबत नाही, कंबर मोकळी राहते, आणि सायकलवरून उतरून २१ किलोमीटर पळायचं असतं तेव्हा पाय थोडे तरी आपले वाटतात. माझ्या रोड बाइकला क्लिप-ऑन लावून तसंच बसायला गेलो तर ७०-७५ मिनिटांनी कंबर बोंबलते. सीट २ सेंटीमीटर पुढे घेतली, स्टेम आखूड केला. बरं झालं, पण पुढच्या चाकावर वजन येतं आणि सायकल जरा चळते. म्हणजे क्लिप-ऑन हा जुगाड आहे, हे मान्य.

आता ज्यासाठी हा भाग करतोय ते.

डिसेंबर, पहाटेचे सव्वासहा, तोच दौंड रोड, मित्राची टीटी बाइक. चाचणी संपली होती, मी नुसता मजेत मारत होतो. हात नळ्यांवर, मान खाली, स्क्रीनवर ३६. गळीत हंगाम चालू. समोर श्रीगोंद्याकडे जाणारी उसाची डबल ट्रॉली. मागे रिफ्लेक्टर नाही, लाल दिवा नाही, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला. रोज बघतो आपण. ट्रॅक्टरवर गाणी एवढ्या जोरात की मी ओरडलो असतो तरी काय उपयोग?

मला ती दिसली तेव्हा फार उशीर झाला होता. टीटी बाइकला गिअर नळ्यांच्या टोकाला असतात, ब्रेक बाहेरच्या हँडलला. म्हणजे आधी हात उचलायचे, बाहेर न्यायचे, पकडायचे, मग ब्रेक. एक सेकंद धरा. ३६ च्या वेगाने एका सेकंदात १० मीटर जातात. ब्रेक लागायला वेळच नव्हता, मी मागे न बघता उजवीकडे काढली. मागून टेम्पो येत होता. तो हॉर्न वाजवत माझ्या कोपराजवळून गेला, किती जवळून ते मला सांगता येणार नाही.

पडलो नाही. काही झालं नाही. शंभर मीटर पुढे जाऊन सायकल कडेला उभी केली, पाय थरथरत होते. एका टपरीवर दोन चहा प्यायलो आणि मग हूडच नसलेल्या त्या सायकलवर, बाहेरच्या हँडलला धरून, पंधराच्या वेगाने घरी आलो.

आईला अजून सांगितलेलं नाही. ती हे ऐकत नाही, सुरक्षित आहे. पप्पांना सांगितलं. पप्पा आयुष्यभर गॅरेजमध्ये गाड्या दुरुस्त करत आले. त्यांनी सायकल खालीवर बघितली, ब्रेक कुठे आहे ते विचारलं, आणि म्हणाले, "अरे, वेगात असताना हात ब्रेकवर नसतो, असं बनवलंच कसं?" मी म्हणालो, "पप्पा, ही बंद रस्त्यावर चालवायची असते." ते म्हणाले, "मग आपल्याकडे कुठला रस्ता बंद आहे?"

मंडळी, माझ्या एक्सेलमध्ये हा कॉलमच नव्हता. मी किंमत, वजन, टायर, गिअर सगळं लिहिलं होतं. मी वर्षातले किती तास त्या नळ्यांवर हात ठेवू शकतो हे लिहिलं नव्हतं. नगर-मनमाड रोडवर शून्य. पाथर्डी रोडला भिंगार सोडून चांदबिबी महालापर्यंत मधले काही तुकडे, तेही रविवारी पहाटे. समृद्धीवर सायकलला परवानगीच नाही. ग्रुपमध्ये तर कधीच नाही, आणि कुणी ग्रुपमध्ये नळ्यांवर हात ठेवत असेल तर त्याच्या मागे राहू नका. उरतो घरातला ट्रेनर. तिथे ट्रॅक्टर येत नाही, पण सावेडीत लाइट जाते आणि स्मार्ट ट्रेनर एका क्षणात बिनडोक होतो.

तरी टीटी बाइक कुणीच घेऊ नये असं मी म्हणत नाही. आमच्याच ओळखीत एक जण वर्षाला तीन अर्ध्या आयर्नमॅन करतो, आठवड्याचे चार दिवस ट्रेनरवर बसतो, पन्नास-साठ सेकंदांनी त्याचं पोडियम जातं. त्याने घ्यावी, आणि आधी फिटिंग करून स्वतःचे स्टॅक आणि रीचचे आकडे घेऊन मग सायकल शोधावी, माझ्यासारखं उलटं करू नये. जुनी घेताना कार्बनवर सगळीकडे नाणं वाजवून बघा, कुठे आवाज बद्द आला तर हात जोडून निघा. सीटपोस्ट हलतो का ते बघा, अडकलेला असेल तर फिट विसरा. आणि ती सायकल खोलून बॉक्समध्ये भरायला तुम्हाला जमेल का तेही विचारा, ट्रेनने नेणार असाल तर. रोड रेसिंगवाल्यांनी तर विषयच सोडा, एकत्र सुटणाऱ्या शर्यतीत टीटी बाइक चालत नाही. ऑलिंपिकच्या ट्रायथलॉनमध्येही नाही.

मी मित्राची सायकल पुसून, चेनला तेल देऊन, त्याच्या घरी परत ठेवून आलो. पुण्याच्या माणसाचा परवा मेसेज आला, १ लाख ८५ हजार म्हणतोय. गोव्याला मी क्लिप-ऑन लावून जाणार. तिथे त्या दिवशी रस्ता आमच्यासाठी बंद असतो, म्हणून. २ तास ४१ ला जमलं तर सांगेन, नाही जमलं तरी सांगेन. नगरमध्ये सध्या क्लिप-ऑन काढून कपाटात ठेवलेत, आणि ७ हजारांतून उरलेल्या सुट्ट्या पैशांत दोन मागचे लाल दिवे घेतले.

बाकी, या रविवारी सहाला भिंगार नाक्यावरून निघतोय, महालापर्यंत. ज्यांना यायचं असेल त्यांनी या. मागचा लाइट चार्ज करून आणा.