पर्यायी ऊर्जेचा खरा हिशेब

(शताब्दी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



साहित्याच्या अध्यापकाने ऊर्जेवर बोलावे, हे काहींना अप्रस्तुत वाटेल. परंतु माझी सुरुवात एका शब्दापासूनच आहे. सूर्य आणि वारा यांपासून मिळणाऱ्या ऊर्जेला आपण दीर्घकाळ ‘अपारंपरिक’ म्हणत आलो. केंद्र सरकारने १९९२ मध्ये स्थापिलेल्या मंत्रालयाच्या नावातही हाच शब्द होता. २००६ मध्ये त्याच्या जागी ‘नवीन आणि नवीकरणीय’ हे शब्द आले. वास्तविक उन्हात धान्य वाळविणे, वाऱ्यावर ते उफणणे, शिडाच्या गलबतांतून व्यापार करणे ही आपली जुनी परंपरा. राणीगंजला कोळशाचे खाणकाम सुरू झाले ते १७७४ मध्ये. तेव्हा अपारंपरिक म्हणायचेच, तर ते कोळशाला म्हणावे लागेल.

हा कोळसा सोडला पाहिजे, याविषयी दुमत नसावे. तो जाळल्याने हवेत साठणारा कार्बन डायऑक्साइड पृथ्वीचे तापमान वाढवितो, आणि भूगर्भातील साठाही अक्षय नाही. प्रश्न आहे तो त्याच्या जागी येणाऱ्या ऊर्जेचा हिशेब आपण कसा मांडणार, हा.

मुंबईच्या गिरण्यांना पाण्यापासून निर्माण केलेली वीज मिळावी म्हणून टाटांनी खोपोलीचे केंद्र १९१५ मध्ये सुरू केले. कोळशाचा धूर कमी झाला. परंतु पुढे मुळशीच्या धरणासाठी मावळातील शेतकऱ्यांच्या जमिनी जाऊ लागल्या, तेव्हा १९२१ मध्ये सत्याग्रह उभा राहिला. सेनापती बापट त्याचे अग्रणी होते. धरण झाले, जमिनी पाण्याखाली गेल्या. आपल्या मध्य प्रदेशातही तेच घडले. इंदिरा सागर प्रकल्पाची क्षमता १००० मेगावॅट; त्याच्या जलाशयापायी २००४ मध्ये हरसूद उठले. वीज निर्धूर होती, पण निर्मूल्य नव्हती. ती किंमत वीज वापरणाऱ्यांनी मोजली नाही.

आता आपल्या इंदूरचे पाहू. १९७८ मध्ये नर्मदेचे पाणी शहरात आले. जलूदपासून सुमारे ७० किलोमीटरचे अंतर आणि चारशे मीटरहून अधिक चढ पार करून ते येथवर पोहोचते. म्हणजे नळ उघडताच आपण पाण्याबरोबर वीजही खर्च करीत असतो. हा भार हलका करण्यासाठी महापालिकेने ६० मेगावॅटचा सौर प्रकल्प योजिला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये हरित रोख्यांद्वारे २४४ कोटी रुपये उभारले. सामान्य नागरिकांनाही हे रोखे घेता आले, हे मला विशेष वाटते. वापरणाऱ्यांनीच भांडवल पुरवावे, हा हिशेब मुळशीहून अधिक न्याय्य आहे.

तथापि आकड्यांनी भुलून जाऊ नये. ६० मेगावॅट म्हणजे अहोरात्र ६० मेगावॅट नव्हे. रात्र आणि ढग जमेस धरता सौर केंद्राची वार्षिक सरासरी क्षमतेच्या सुमारे एक पंचमांश भरते. उरलेल्या वेळी वीज कोठून आणायची, हीच सौरऊर्जेची मोठी अडचण. येथे पाणीपुरवठ्याला एक सोय आहे. पंप आणि टाक्या पुरेशा मोठ्या असतील, तर दिवसा अधिक पाणी चढवून रात्रीसाठी साठविता येते. वीज साठविण्यापेक्षा पाणी साठविणे सोपे. मात्र फुटक्या वाहिनीतून पाणी वाहून जात असेल, तर ते चढविण्यास लागलेली वीजही त्याबरोबर वाहून जाते. मग ती सूर्याची असो वा कोळशाची.

म्हणून कोणत्याही नव्या ऊर्जाप्रकल्पाविषयी तीन प्रश्न विचारावेत : वीज किती मिळेल, केव्हा मिळेल आणि तिची किंमत कोण मोजील? पहिल्या दोहोंची उत्तरे अभियंते देतील. तिसरा प्रश्न नागरिकांचा आहे. तो विचारता यावा, म्हणून ऊर्जाशास्त्राच्या ग्रंथांशेजारी मुळशी आणि हरसूदचा इतिहासही आपल्या वाचनालयाच्या कपाटात असावा, एवढी विनंती करतो आणि आपली रजा घेतो.