अमेरिकेतील पक्ष : पुढारी गेले, पैसा आला
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



अमेरिकेच्या राज्यघटनेत राजकीय पक्षाचा उल्लेख कोठेही नाही. उलट, जॉर्ज वॉशिंग्टन यांनी १७९६ साली आपल्या निरोपाच्या संदेशात पक्षभावनेपासून सावध राहण्याचा इशारा दिला होता. तरीही पक्षांवाचून ती घटना चालली नाही. अध्यक्ष, सिनेट आणि प्रतिनिधिगृह ही सत्तास्थाने घटनेने अलग केली. त्यांना जोडणारा दुवा पक्षांनीच पुरविला.

हे पक्ष दीर्घकाळ स्थानिक पुढाऱ्यांच्या मुठीत होते. न्यूयॉर्कची टॅमनी हॉल ही संघटना त्याचा कुप्रसिद्ध नमुना. नोकरी द्यावी, हिवाळ्यात कोळसा द्यावा आणि मत घ्यावे, असा तो व्यवहार. त्यात भ्रष्टाचार होता खराच. पण परदेशातून आलेल्या गरिबाला अडचणीच्या वेळी ठोठावण्यास एक दारही होते.

१९६८ साली शिकागोच्या अधिवेशनात ह्यूबर्ट हम्फ्री यांना पक्षांतर्गत प्राथमिक निवडणुका न लढविताच डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मिळाली. बाहेर व्हिएतनाम युद्धाच्या विरोधकांवर पोलिसांच्या लाठ्या बरसत होत्या. त्या संतापानंतर मॅकगव्हर्न-फ्रेझर आयोग नेमला गेला आणि १९७२ पासून उमेदवार ठरविण्याचा अधिकार मुख्यतः मतदारांकडे आला. सुधारणा न्याय्यच होती.

परंतु वर्गणी भरणारा, शाखेत बसून धोरण ठरविणारा सभासद तेथील पक्षांना जवळजवळ नाहीच. अनेक राज्यांत मतदारनोंदणी करताना पक्षाचे नाव लिहिले की झाले! पुढाऱ्यांची जागा रिकामी झाली तेव्हा ती भरून काढणारा कार्यकर्ता उभा नव्हता. प्रत्येक उमेदवाराला आपली यंत्रणा आपणच उभारावी लागली, आणि त्यासाठी पैसा लागला. १९७६ साली बकली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उमेदवारांच्या खर्चावरील मर्यादा भाषणस्वातंत्र्याच्या नावाखाली रद्द केल्या. २०१० च्या सिटिझन्स युनायटेड निकालाने कंपन्यांना स्वतंत्र प्रचारावर वाटेल तेवढा खर्च करण्याची मुभा दिली.

२०१६ साली अनेक ज्येष्ठ रिपब्लिकन पुढाऱ्यांचा विरोध असूनही डोनाल्ड ट्रम्प यांनी त्या पक्षाची उमेदवारी जिंकली. त्याच वर्षी, सिनेटवर अपक्ष म्हणून निवडून आलेले समाजवादी बर्नी सँडर्स यांनी लहान देणग्यांच्या बळावर डेमोक्रॅटिक उमेदवारीसाठी कडवी झुंज दिली. ते त्या दारी का गेले? १९१२ साली समाजवादी पक्षाच्या युजीन डेब्ज यांना सुमारे सहा टक्के मते पडली होती. निर्वाचक मंडळात मात्र एकही मत मिळाले नाही. स्वतंत्र पक्षाची वाट त्या निवडणूक पद्धतीने अशी अडविली आहे.

विसंगती पाहा. संघटना पोकळ झाली, पण पक्षद्वेष वाढला. काँग्रेसमधील मतदानात दोन्ही बाजू आज जवळजवळ भिंतीसारख्या उभ्या असतात. पक्षाचे नाव माणसांना विभागते, पण त्यांना एकत्र बसवून विचार करावयास लावीत नाही.

पक्ष पुढाऱ्यांच्या मुठीतून सोडविलाच पाहिजे. मात्र तो सोडविताना सभासद, शाखा आणि वर्गणी यांची उभारणी राहून गेली, तर तो कोणाच्या हाती जातो, हे अमेरिकेने दाखविले आहे. आपल्या शाखेची सभा शेवटची केव्हा भरली होती, हा प्रश्न येथून जाताना प्रत्येकाने स्वतःला विचारावा.