न गंजणाऱ्या पोलादाचा सांधा

१९१३ सालीं शेफील्डला हॅरी ब्रिअर्ली यांनीं जें न गंजणारें पोलाद तयार केलें, त्याला पाणी देतां येई. म्हणूनच त्याच्या सुऱ्या झाल्या. दुरुस्तीच्या वेळीं हाच गुण वैरी होतो. त्या जातीच्या पोलादाचा, पंपाचा झिजलेला दांडा वेल्डिंगनें भरला, कीं सांध्यालगतचा भाग झटकन् निवून ठिसूळ होतो. ओलाव्यांतून शिरलेला हायड्रोजन कधीं दुसऱ्या दिवशींही तडा पाडतो. आधीं २०० ते ३०० अंश सेंटिग्रेड व नंतर ७०० च्या आसपास तापवावें, हा शास्त्रोक्त उपाय. पण त्यानें दांड्याचें पाणी उतरतें, वांकण्याचीही भीति! मग आधींचें तापविणें तेवढें ठेवून क्रोमियम-निकेलच्या मऊ सळईनें सांधावें. ती ताण सोसते, हायड्रोजनही धरून ठेवते. कडेचा ठिसूळ पट्टा मात्र तसाच राहतो. म्हणून जेथें पीळ बसतो, तेथें नवा दांडाच घालावा.